अंड्यातली चांदी

या व्यवहारात दादांना काय मिळायचं होतं ते आधी मांडून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढे कोणी म्हणेल की चांगला शिकलासवरलेला माणूस उगाचच उकडलेल्या अंड्यांत कोपरापर्यंत हात घालून बसला.

जमेच्या बाजूला पहिली बाब, चांदीचे काटे-चमचे. दुसरी, त्या चांदीच्या पैशांतून गॅलरीला सरकत्या काचा. तिसरी, त्या काचांमागे वेताच्या खुर्चीत पाय पसरून बसलेले दादा, आणि समोरच्या इमारतीतून हे दृश्य पाहणारा त्यांचा साडू. या साडूने स्वतःच्या गॅलरीला काचा लावल्यापासून, "तुमच्याकडे धूळ फार येते, नाही?" हा प्रश्न विचारल्याशिवाय दादांच्या घरचा चहा घेतला नव्हता. खर्चाच्या बाजूला दादांनी एकच बाब धरली होती, थोडी अक्कल. ती घरचीच असल्यामुळे तिचे पैसे पडणार नव्हते.

दादा विमा कंपनीत दावे तपासतात. कोणाचं दुकान जळालं, कोणाची गाडी ठोकली गेली, की दादा चष्मा पुसत तिथे हजर. "आग लागली तेव्हा आपण नेमके कुठे होतात?" हे ते इतक्या मऊ आवाजात विचारतात की ज्याचं खरोखर जळालंय त्यालाही, काडी आपणच तर लावली नाही ना, अशी शंका यायला लागते. समोरचा माणूस कुठे खोटं बोलतोय ते आपल्याला वासावरून कळतं, असं दादांचं म्हणणं. हा वास पुढे फार महागात पडला, पण ते त्याच्या जागी येईलच.

तर काट्या-चमच्यांची ती पेटी मावशीची. मावशीने आणि काकांनी स्टेशनजवळ बरीच वर्षं एक छोटं गेस्ट हाउस चालवलं. काकांना थाटाची हौस. एक जुना क्लब बंद पडला तेव्हा तिथले चांदीचे काटे, चमचे, सुऱ्या त्यांनी उचलून आणल्या. दांड्यावर वेलीची नक्षी, टोकाला एक पान. पाहुण्यांनाही ती नक्षी आवडली. इतकी, की जाताना ते एखाददुसरा चमचा आठवण म्हणून बॅगेत टाकू लागले. मग काकांनी एका कारागिराला गाठून अगदी तशाच नक्षीचे स्टीलचे चमचे करून घेतले आणि चांदीत मिसळून टाकले. "चोराला ओळखता येत नसेल तर माल तरी ओळखू येऊ नये," हे त्यांचं तत्त्व. मावशी दर आठवड्याला सगळं पावडर लावून असं घासायची की चांदीवरचे शिक्के झिजून सपाट झाले आणि दोन्ही धातू एकाच आईची लेकरं दिसायला लागले.

आता काका नाहीत, गेस्ट हाउस नाही, आणि मावशी दोन खोल्यांच्या घरात चाललेली. तिथे तिला एक चमचा पुरे. म्हणून पेटी दोन भाच्यांना: मोठे दादा आणि धाकटी बहीण. वाटणीचा नियम मावशीचाच, दोघं लहानपणी तिच्याकडे सुट्टीला यायची तेव्हापासूनचा. जो वाटे घालतो तो शेवटी उचलतो. या एका नियमामुळे त्या घरात केक कापताना पट्टी लागायची.

"चांदी कुठली, स्टील कुठलं, मला काही विचारू नका," मावशी म्हणाली. "तुझे काका सांगत, बायकोला फरक कळला तर पाहुण्यांना कळेल. दादा, पेटी तू घेऊन जा, वाटे घाल. रविवारी आम्ही येतो, धाकटी उचलेल."

आता प्रामाणिक मार्ग अगदी सोपा होता. चांदी ओळखायची, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. हा मार्ग दादांना सुचला नाही असं नाही. सुचला, आणि आपण विजेचं बिल जसं 'बघू नंतर' म्हणून फ्रिजवर ठेवतो तसा त्यांनी तो ठेवून दिला. कारण त्यांना दुसरं एक गणित दिसलं होतं. धाकटी आहे भोळी. मोटार शिकवण्याचा क्लास चालवते, दिवसभर लोकांना "ब्रेक, ब्रेक, अहो ब्रेक!" ओरडत असते. तिला कुठली पारख? ती दिसायला चांगला वाटा उचलणार. म्हणजे चांदीचा वाटा दिसायला वाईट असला की झालं. पण त्यासाठी आधी चांदी कुठली ते कळायला हवं.

सुरुवात लोहचुंबकाने झाली. फ्रिजवरचा पेरूच्या आकाराचा चुंबक घेऊन दादा टेबलाशी बसले. चमच्याला लावला, चिकटला नाही. काट्याला लावला, नाही. दहा-बारा नग झाले तरी पेरू ढिम्म. फक्त सुऱ्यांच्या पात्यांना चटकन चिकटला.

"अगं!" दादा ओरडले. "सुऱ्या सोडल्या तर सगळी चांदी! स्टील असतं तर चिकटला असता!"

वहिनी ओट्याशी होत्या. त्यांनी पेरू घेतला आणि आपल्या मोठ्या पातेल्याला लावला. पेरू घसरून जमिनीवर पडला. मग डाव. मग डबे.

"अहो, अभिनंदन," वहिनी म्हणाल्या. "माझ्या माहेरची सगळी भांडी चांदीची निघाली. इतकी वर्षं मी उगाच त्यांत भात शिजवत होते."

चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, हे दादांना अशा रीतीने कळलं. त्यांनी ते आधीपासून माहीत असल्यासारखी मान हलवली. अपमान गिळायचा तर मान हलवतच गिळावा लागतो.

ही बातमी जिन्याने खाली गेली आणि सल्ले जिन्याने वर आले. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त कॅशियर स्वतः आले. "नाण्याचा आवाज मी झोपेतही ओळखायचो," ते म्हणाले. "खरी चांदी घंटेसारखी वाजते. स्टील नुसतं खणकतं. टाका एकेक." दादा एकेक चमचा फरशीवर टाकत गेले, कॅशियर डोळे मिटून ऐकत राहिले. खालच्यांनी छताला दांडा ठोकला तेव्हा कुठे दादा थांबले.

"काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

कॅशियरनी कानामागचं यंत्र काढून हातावर आपटलं. "याची बॅटरी कालपासून नाहीये. तुम्हाला काय ऐकू आलं?"

मग कोणी सांगितलं, बर्फ ठेवा, चांदीवर पटकन वितळतो. दादांनी चमच्यांची रांग मांडून प्रत्येकात बर्फाचा खडा ठेवला आणि आता निरीक्षण करणार तोच साडूचा फोन आला. साडू धुळीबद्दल बोलला. दादा त्याच्या काचांच्या पातळपणाबद्दल बोलले. फोन ठेवून पाहतात तर प्रत्येक चमच्यात सारखंच पाणी, आणि टेबलावरून त्याची धार ऑफिसच्या बॅगेत.

तेव्हा दादांनी ठरवलं, घरगुती उपाय पुरे. सरकारी शिक्कामोर्तबच हवं. मौल्यवान धातू तपासणी कार्यालयात गेले. खिडकीमागचा कारकून बिस्किट चहात बुडवत होता. ते मोडून पडणार नाही अशा बेताने बाहेर काढेपर्यंत त्याने वर पाहिलं नाही.

"काय आणलंय?"

"चमचे. चांदीचे आहेत का, ते तपासून हवंय."

"चांदीचे आहेत का?"

"तेच तर तपासायचंय."

"अर्जात रकाना आहे, 'वस्तूचा धातू'. तिथे काय लिहिणार?"

"प्रश्नचिन्ह लिहितो."

"प्रश्नचिन्ह हा धातू आमच्याकडे नाही. चांदी लिहिलंत आणि स्टील निघालं, तर खोटी माहिती दिली म्हणून दंड. स्टील लिहिलंत, तर स्टील आम्ही तपासत नाही."

"म्हणजे ज्याला चांदीची खात्री आहे त्यानेच इथे यायचं?"

"शहाणी माणसं तसंच करतात," कारकून म्हणाला आणि दुसरं बिस्किट घेतलं. "अर्जाचे पैसे परत मिळत नाहीत."

दादांना राग आला खरा, पण त्यात थोडा आदरही होता. अशी उत्तरं देण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. घेण्याची वेळ पहिल्यांदाच आली होती.

शेवटी तारणहार भेटले ते दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर. हे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. इमारतीतले लोक त्यांना पाहिलं की चाव्या विसरल्यासारखं करून परत फिरतात, कारण मास्तर साबणाचं विचारलं तरी साबणाच्या जन्मापासून सुरू करतात. दादा मात्र त्या दिवशी मुद्दाम त्यांच्या वाटेत उभे राहिले.

"अंडं!" मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे चमकले. कित्येक महिन्यांत त्यांना कोणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. "अंड्यात गंधक. गंधक चांदीला काळं करतो, स्टीलला काही करत नाही. गरम उकडलेली अंडी कुस्करायची, त्यात सगळं पुरायचं, झाकण घट्ट. संध्याकाळी उघडा. काळं ते खरं, गोरं ते खोटं!"

दादा जागच्या जागी थबकले. नुसती ओळख नव्हे. त्यांना हवं होतं तेच घडणार होतं! चांदी ओळखू येणार, आणि वर तोंड काळं करून बसणार. देव देतो तेव्हा असं देतो, पण सोबत वासही देतो, हे तेव्हा कोणाच्या लक्षात येतं?

शनिवारी वहिनी बहिणीकडे गेल्या, म्हणजे साडूच्या काचा पाहायला. दादांनी दुकानातून अंड्यांचे ट्रे उचलले.

"केक का साहेब?" दुकानदाराने विचारलं.

"तपास," दादा म्हणाले.

वहिनींच्या माहेरच्या त्याच पातेल्यात अंडी उकडली. गरम गरम सोलताना बोटं भाजली. अंडी आणि चमचे बादलीत थरावर थर रचले, वर झाकण, झाकणावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर टेलिफोन डिरेक्टरी. दादा हात धुऊन पेपर वाचत बसले. बादली न्हाणीघरात बसली. न्हाणीघराची झडपदार खिडकी इमारतीच्या मधल्या मोकळ्या चौकात उघडते, आणि त्या चौकात सगळ्यांचीच न्हाणीघरं उघडतात.

दुपार कलायच्या आत खाली आरडाओरडा सुरू झाला. "गॅस! गॅस!" कोणीतरी मेन बंद केला, कोणीतरी गॅस कंपनीला फोन केला. माणसं रस्त्यावर जमली. कॅशियर बॅटरीशिवायच आले होते आणि आग कुठे लागली ते विचारत होते. सगळ्यांबरोबर दादाही उतरले आणि सगळ्यांइतकीच काळजी चेहऱ्यावर घेऊन उभे राहिले. गॅसवाला नाक वर करून मजल्यामागून मजला चढला आणि दादांच्या दारासमोर थांबला. मागे इमारतीचे सेक्रेटरी.

"हा गॅस नाही," गॅसवाला म्हणाला. "हे नाश्त्याचं काहीतरी आहे."

"वास सुरू झाला तेव्हा आपण नेमके कुठे होतात?" सेक्रेटरींनी विचारलं. अगदी मऊ आवाजात.

दादांनी चष्मा काढून पुसला. हा प्रश्न या बाजूने कसा लागतो, याची त्यांना कल्पना नव्हती. गॅस कंपनीच्या फेरीचा खर्च त्यांच्या नावावर लागला. "वासाच्या उगमाबाबत लेखी खुलासा करावा," अशी नोटीस जिन्यात चिकटली. बाराखडी येणाऱ्या प्रत्येकाने ती वाचली.

पण संध्याकाळी बादली उघडली तेव्हा दादा सगळं विसरले. पिवळ्या चिखलातून एकेक नग वर आला. हा पांढरा. हा पांढरा. आणि हा? काळा! जळक्या लाकडासारखा काळा! सुऱ्यांनी मात्र मधला मार्ग काढला होता: काहींच्या मुठी काळ्या, पाती लख्ख. म्हणजे मुठी चांदीच्या, पाती स्टीलची. चुंबकाने या सुऱ्यांवर अन्याय केला होता. दादांनी त्यांची मनोमन माफी मागून त्यांना काळ्या ढिगात बसवलं.

वहिनी नाकाला पदर लावून आल्या. "आणा ते काळे, घासून देते."

"हात लावू नकोस!"

वहिनींनी काळ्या ढिगाकडे पाहिलं. मग पांढऱ्या ढिगाकडे; तो दादांनी व्हिनेगर लावून असा चमकवला होता की त्यात भांग पाडता यावा. मग नवऱ्याकडे.

"सख्ख्या बहिणीला फसवताय."

"फसवणं कुठे? दोन वाटे उघड्यावर ठेवणार. उचलणार ती. मी एक शब्द बोलणार नाही. आमच्या धंद्यात याला पारदर्शकता म्हणतात."

"आणि माझ्या पातेल्याला काय म्हणतात?" वहिनी म्हणाल्या. पातेल्याचा वास जात नव्हता.

रविवारी मावशी आणि धाकटी आल्या. टेबलावर दोन वाटे. पांढरा वाटा निळ्या मखमली पेटीत, खिडकीतून ऊन नेमकं त्याच्यावर. काळा वाटा जुन्या वर्तमानपत्रावर.

"अरे, हे काळे कशाने झाले?" मावशीने डोळे बारीक केले. तिला अलीकडे धूसर दिसायचं. "माझ्याकडे आरशासारखे होते."

"हवा," दादा म्हणाले. "इकडची हवा वाईट."

वहिनींना एकदम खोकला आला.

धाकटीने मखमलीतला एक चमचा उचलला. दादा पुढे झुकले. तिने त्यात आपला चेहरा पाहिला, हसली, चमचा परत ठेवला आणि वर्तमानपत्राच्या चार कडा उचलून गाठोडं बांधायला लागली.

"अगं, अगं! हे काय?"

"माझा वाटा."

"चुकून उचललास. हे काळे आहेत!"

"मला दिसतंय, दादा. तुझ्याकडे ऑफिसचे साहेब येतात, साडूभाऊ येतात. त्यांच्यापुढे हे ठेवणार का तू? माझ्याकडे कोण येतं? गाडी शिकणारी पोरं. ती गिअर आणि चमचा सारखाच धरतात. मला काळे चालतील. चांगले तू ठेव."

दादांचं सगळं गणित बहिणीच्या हावेवर उभं होतं. बहिणीला हाव नाही, ही शक्यता त्यांनी धरलीच नव्हती.

"नाही, नाही," दादा घाईने म्हणाले. "तू लहान, चांगलं तू घ्यायचं. हे काळे तब्येतीला बरे नाहीत."

"मग तुझ्या तब्येतीला बरे आहेत का?"

"मला काहीही चालतं! मी आता किती दिवसांचा!"

"असं अभद्र बोलू नकोस!" धाकटीचे डोळे भरून आले. तिने गाठ आणखी आवळली.

"चिठ्ठ्या टाकू," दादा म्हणाले. "नको, माझं ऐक, अर्धे-अर्धे करू. अर्धे काळे, अर्धे पांढरे!" जो मार्ग फ्रिजवर ठेवला होता तो आता ते धावत जाऊन आणत होते.

"बघा गं बाई," मावशी पदराने डोळे टिपत म्हणाली. "केकच्या तुकड्याला पट्टी लावणारी ही पोरं! आणि आज, 'तू घे, तू घे'! तुझे काका असायला हवे होते, दादा. तुझं हे मन बघायला."

एका वाक्याचं काम होतं. 'काळे चांदीचे आहेत,' म्हटलं की संपलं. पण लगेच पुढचं वाक्य धाकटीचं असतं, 'तुला कसं माहीत?' आणि त्याला उत्तर द्यायला एक अंडंही शिल्लक नव्हतं. दादा धाकटीच्या गाठोड्याला धरून उभे होते. धाकटीला वाटलं, दादाला भरून आलंय. तिने त्यांचे हात हलकेच सोडवले आणि वाकून नमस्कार केला.

"उचलणाऱ्याचा शब्द शेवटचा," मावशी म्हणाली. वाटणी झाली.

त्यानंतरच्या आठवड्यात दादा त्या चकचकीत चमच्याने आमटी भुरकत होते आणि प्रत्येक घासाला त्यात स्वतःचं तोंड दिसत होतं. फोन वाजला. वहिनींनी घेतला.

"काय सांगतेस!... चांदी?... पॉलिशवाल्याने सांगितलं?" वहिनींनी दादांकडे पाहिलं. दादा अर्धे उठले होते. "नाही गं, त्यांना कुठली कल्पना? ते बिचारे सारखं म्हणत होते ना, तू चांगले घे म्हणून... अर्धी? छे, छे!"

"अर्धी?" दादांचे डोळे चमकले. ते हातवारे करायला लागले: घे म्हण, घे म्हण.

"हे बघ," वहिनी फोनमध्ये म्हणाल्या, "हे समोरच उभे आहेत. दोन्ही हात हलवून सांगताहेत, अजिबात नको म्हणून. तुझी आहे, तू ठेव. हो... हो, त्यांचं मनच तसं आहे." आणि फोन ठेवला.

"अगं, मला विचारायचं तरी!"

"माझ्या पातेल्यात अंडी उकडलीत तेव्हा मला विचारलंत?" वहिनी म्हणाल्या. "आता मोठे झालात ना? व्हा."

आणि दादा मोठे झाले. मावशीने सगळ्या नात्यात सांगितलं. ज्यांच्या घरात कपाटावरून वाद होते ते दादांचा दाखला देऊ लागले. मावशीची शिलाई मशीन, भिंतीवरचं घड्याळ, दोन चांगल्या खुर्च्या, सगळ्याची वाटणी होताना लोक आधीच म्हणत, "दादांना विचारायला नको, ते सोडूनच देतील," आणि दादा सोडून देत.

धाकटीने चांदी विकून क्लाससाठी दुसरी गाडी घेतली. मागच्या काचेवर ठळक अक्षरांत लिहून घेतलं, 'दादांच्या मोठ्या मनामुळे'. ती दाखवायला घरी आली तेव्हा चालवायला एक नवा विद्यार्थी होता. त्याने इमारतीच्या फाटकाशी ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं आणि फाटकाचा खांब आडवा झाला.

सेक्रेटरी दुरुस्तीचा आकडा घेऊन वर आले. "गाडीवर नाव तुमचं आहे," ते म्हणाले.

धाकटी पर्स उघडत होती. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. दादांनी इतक्या वर्षांत एकही दावा न तपासता मंजूर केला नव्हता. त्यांनी कागदही न वाचता पाकीट काढलं.

"राहू दे गं," ते म्हणाले. "मी देतो."

तेव्हा हिशेब असा. चांदी धाकटीला. समाधान मावशीला. शेवटपर्यंत ऐकणारा एक श्रोता मास्तरांना. पातेलं वहिनींचं गेलं. आणि अंडी, अर्ज, गॅसची फेरी, नवं पातेलं, फाटकाचा खांब, हे सगळं दादांनी भरलं, आणि भरताना प्रत्येक वेळी हसले; कारण आता हसणंही त्यांच्याच नावावर लागलं होतं.